त्या नावाचं इथे कुणी नाही

४ फेब्रुवारी

धाकट्या,

प्रभूत सलाम. हे पत्र तुझ्या दगडाच्या कारखान्यावर पाठवतेय, कारण घरी पाठवलेलं माझ्याकडेच परत आलं. पाकिटावर तुझं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं मी, चांगल्या ठसठशीत अक्षरात. त्यावर पोस्टमनचा शेरा: 'या नावाचे येथे कोणी नाही.' तुझे भाऊजी म्हणाले, मुलगा झाल्याच्या आनंदात घर सोडून पळाला की काय तुझा भाऊ! मी म्हटलं, तो कसला पळतोय, त्याला बाजारात धाडायचं तरी दोनदा ढकलावं लागतं.

अरे, काय रे हे? इतक्या वर्षांनी तुमच्या घरात पाळणा हलला. मी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पानंच्या पानं लिहिली आणि ती सगळी गाव फिरून पुन्हा माझ्याच उशाशी. डॉक्टर अजून उठू देत नाहीत. शिलाईचं मशीन पायाचं, ते झाकून ठेवलंय. नाहीतर आतापर्यंत भाच्याच्या अंगड्या-टोपड्यांचा ढीग घातला असता.

बाळ कुणावर गेलंय? तुझ्या मास्तरीणबाईंची तब्येत कशी आहे? आईच्या मांडीवर नातू देता की नाही? आणि मुख्य म्हणजे नाव काय ठरवलंत? नीट लिही. दगडावर कोरल्यासारखं चार शब्दांत आटपू नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ताई,

सलाम. पोस्टमनचा दोष नाही. त्याला आईने सांगितलं. साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि म्हणाली, 'त्या नावाचं इथे कुणी नाही.' मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. ऐकलं मी.

यात नवीन काही नाही. लहानपणी शाळेचे गुरुजी चौकशीला आले होते तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं, आणि मी तिच्या मागेच उभा होतो. घरात मी धाकट्या, अरे, ऐकतोस का, गाढवा, काहीही. नाव मात्र नाही. कारण नाव थोरल्याचं. तो गेला, मग मी झालो, आणि बाबांनी त्याचंच नाव मला दिलं. शमुवेल. थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरायचे, तसं. मी अक्षरं कुठे शिकलो ठाऊक आहे ना तुला? त्याच्या कबरीवर. बाबा उपासनेनंतर न्यायचे आणि मी दगडातल्या खाचांतून बोट फिरवत बसायचो. स्वतःचं नाव मी पहिल्यांदा गिरवलं ते असं. आज त्याच दफनभूमीच्या फाटकासमोर बसून लोकांची नावं कोरतो. गिऱ्हाईकं विचारतात, हात इतका कसा बसला? काय सांगू त्यांना?

आता खरी गोष्ट. मास्तरीण म्हणते, बाळाचं नाव शमुवेल ठेवायचं. लग्न झाल्यापासून ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून ओठ हलवत राहिली. म्हणते, 'देवाने ऐकलं, मग दुसरं नाव कशाला शोधायचं?' मी म्हटलं, अगं, ते माझं नाव आहे. तर म्हणते, 'तुमचं कुणी वापरतंय का? नवंकोरं पडून आहे.' मला हसू आलं. पण आईच्या हातातली ताटली खाली पडली.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला आई दाराशी जाते. कुणी आलेलं नसतं. साखळी लावते, फळीला तोंड लावते आणि म्हणते, 'त्या नावाचं इथे कुणी नाही.' मग थांबते, पलीकडून कुणी काही विचारल्यासारखी. मग जरा चिडून, 'नाही म्हटलं ना.'

बाप्तिस्मा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. थोरला गेला तेव्हा तू कळती होतीस, ताई. ते नाव आईला इतकं का डाचतं? मी तिला नकोसा झालो होतो का? एवढं एकच सांग.

तुझा,
ज्या नावाचा इथे कुणी नाही तो

२० फेब्रुवारी

धाकट्या,

नकोसा म्हणे! चाळिशी उलटली, पोराचा बाप झालास आणि अजून कोपऱ्यात रुसून बसतोस. आईचं वय झालंय. वय झालं की माणूस भिंतीशीही बोलतं. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी कपाटाला 'जेवलास का' विचारायच्या. फार मनावर घेऊ नकोस.

नाव तसं फार थोर. हन्नाला मूल होत नव्हतं. ती मंदिरात रडत बसायची, नुसते ओठ हलायचे. म्हाताऱ्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय! मग मुलगा झाला. देवाकडून मागून घेतला म्हणून नाव ठेवलं शमुवेल. तोच पुढे मोठा संदेष्टा झाला, राजांच्या डोक्यावर तेल ओतून त्यांना गादीवर बसवलं त्याने. आपल्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आलेत ते नाव. बाबांच्या एका काकांचंही होतं.

पण माझं ऐकशील तर बाळाचं दुसरं ठेवा. दानीएल घ्या, मीखा घ्या, योना घ्या. योना नको, त्याला मासा गिळतो. मास्तरीणबाईंना म्हणावं, नणंदेचा हट्ट समजा.

थोरल्याचं विचारलंस. ताप आला आणि गेला. तेव्हा जायची मुलं.

तुझी ताई

२ मार्च

ताई,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हन्नाची गोष्ट मलाही येते. मागून घेतला एवढंच लिहिलंस. मागताना ती काय कबूल करून बसली, ते बरं गाळलंस?

मी पाळकांकडे गेलो होतो. नावाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, देवाने ऐकलं. कुणी म्हणतं, देवाचं नाव. आणि हन्ना स्वतः म्हणते, मागून घेतला. मग दूध तुटल्यावर मंदिरात नेऊन देऊन टाकला. 'मागून घेतलेलं म्हणजे परत करायचं आलंच,' पाळक सहज म्हणाले आणि चहा ओतत राहिले. माझा कप हातातच राहिला.

मास्तरीण पहिल्या अर्थाला धरून बसलीय. आई, मला वाटतं, शेवटच्या.

बाळाला ताप येतोय. आज उतरतो, उद्या चढतो. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. आई पाळण्यापाशीच असते. काल संध्याकाळी घरी आलो तर तिने दोन्ही तळव्यांनी बाळाचे कान झाकून धरले होते. 'आई, हे काय?' म्हटलं, तर नुसती मान हलवली, बोलू नकोस म्हणून. काय ऐकू जाऊ नये म्हणून झाकलेस, हे विचारायचा मला धीर झाला नाही. घर इतकं शांत होतं की नळाचं टपटप ऐकू येत होतं. आणि खरं सांगू? मीसुद्धा कान टवकारून बसलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण आता ती उघड, ताई. माझं पोर तापलंय.

धाकटा

९ मार्च

धाकट्या,

कुणाला सांगू नकोस, असं आई मला म्हणाली होती. मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलेलं नाही. पण बाळाच्या तापाचं वाचलं, आता सांगतेच.

माझ्यानंतर आईला कितीतरी वर्षं मूल नव्हतं. तिने हन्नाचाच नवस केला: मुलगा दे, सात वर्षांचा झाला की तुझ्या सेवेला देईन. तेव्हा मिशनच्या बोर्डिंगात त्या वयाची मुलं घ्यायचे, पुढे पाळक होण्यासाठी. थोरला झाला. शमुवेल हे नाव तिनेच ठेवलं, आणि काय हाका मारायची रे! काम असो नसो, खिडकीतून, अंगणातून, शमुवेल, शमुवेल. शेजारी हसायचे.

सात वर्षं भरली. हन्ना आपल्या मुलासाठी दरवर्षी छोटा झगा शिवून न्यायची ना, तसा आईने बोर्डिंगला जायचा कोट शिवला. पितळी बटणांचा. काजं मी केली. आणि मग तिचं मन होईना. या वर्षी खोकला आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी, अजून लहान आहे. कोट आखूड झाला, तिने शिवण उसवून लांब केला. तिला कुणी जाब विचारला नाही. बाबांना तो नवस माहीतच नव्हता.

मग ती संध्याकाळ. थोरला अंगणात गोट्या खेळत होता, मी पायरीवर, आई स्वयंपाकघरात. तो धावत आत गेला. 'आई, हाक मारलीस?' ती म्हणाली, 'नाही रे, खेळ जा.' थोड्या वेळाने पुन्हा. 'आई, मारलीस ना हाक?' 'नाही म्हटलं ना.' कान साफ कर म्हणून मी त्याला चिडवलं. तिसऱ्यांदा तो उठला तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते. कुणीही हाक मारली नव्हती, धाकट्या. तो मान वर करून हसला, ओळखीच्या माणसाने बोलावल्यासारखा, आणि आत गेला.

आईला शास्त्र तोंडपाठ. लहानग्या शमुवेलाला मंदिरात अशीच हाक आली आणि तो दर वेळी एलीकडे धावत गेला. तिसऱ्या वेळी एलीने ओळखलं, बोलावतंय कोण ते. त्याने पोराला शिकवलं, पुन्हा हाक आली की म्हण, बोला, मी ऐकतोय. आईनेही ओळखलं. पण तिने थोरल्याला ओढून घेतलं, दार लावलं, साखळी चढवली, त्याचे कान दाबून धरले आणि दाराकडे तोंड करून ओरडली, 'त्या नावाचं इथे कुणी नाही!'

त्याच आठवड्यात तो तापाने गेला. त्याच्या अंगावर तो कोट घालू या, असं बाबा म्हणाले. आईने घालू दिला नाही.

तू झालास तेव्हा आई अंथरुणात होती. बाबा एकटेच तुला चर्चमध्ये घेऊन गेले. लाडक्या लेकाचं नाव पुन्हा घरात घुमावं, एवढंच त्यांच्या मनात. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा आई पांढरीफटक पडली. तुला छातीशी धरलं आणि मला म्हणाली, 'याला नावाने हाक मारायची नाही. कुणीच नाही. हा इथे आहे हे कळता कामा नये.'

वेड्या, तू तिला नकोसा नव्हतास. ती तुला लपवत होती. जन्मभर.

बाळाचं लगेच कळव.

तुझी ताई

१८ मार्च

ताई,

तार मिळाली असेल. अशा पायाने निघायचं मनातही आणू नकोस. सगळं आटोपलं.

तुझं पत्र कारखान्यात वाचलं. छन्नी तिथेच टाकली आणि कुलूप लावून घरी गेलो. बाळाचा ताप चढलेला होता. मी आईशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, 'ताईने सांगितलं मला.' तिने माझा हात घेतला, दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला, आणि शालीने पुसत बसली. म्हणाली, 'थोरल्याला मी ओ देऊ दिली नाही. दिली असती तर जगला असता.' मी म्हटलं, 'आई, ताप होता तो.' म्हणाली, 'ताप मागून आला.'

दिवेलागण झाली. मास्तरीण औषध आणायला गेली होती. आई उठली आणि भिंत धरत दाराशी गेली. रोजचं वाक्य म्हणेल, असं मला वाटलं. तिने साखळी काढली. ताई, संध्याकाळी ती साखळी काढताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दार सताड उघडलं. बाहेर रस्ता आणि समोरच्यांची खिडकी, बाकी कुणी नाही. शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, 'आहेत. दोघंही आहेत. पण त्यांना नको. मी येते.'

मग वळून तिने मला हाक मारली. नावाने. 'शमुवेल, बाळाकडे बघ.'

एवढं बोलून पायरीवर बसली. मी पाळण्याकडे गेलो. बाळाचं कपाळ घामाने ओलं होतं, ताप उतरत होता. तिला सांगायला दाराशी आलो, तर ती गेलेली होती. बसल्याबसल्या, चौकटीला डोकं टेकून.

ट्रंकेच्या तळाशी तो कोट सापडला. तिच्याबरोबर ठेवला. डॉक्टर म्हणतात, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, आणि बाळाचा ताप उतरायचाच होता. असेलही. पण माझ्या कानातून ती हाक जात नाही. आयुष्यात एकदा मिळाली ती मला, आणि मी नुसता उठून पाळण्याकडे गेलो. ओ द्यायची राहिली, ताई.

धाकटा

२७ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र उशीखाली ठेवून दोन दिवस रडले. भाऊजींनी स्वयंपाक केला, तो खाऊन आणखी रडू आलं.

ओ राहिली म्हणून जीव जाळून घेऊ नकोस. तिला ओ नको होती. बाळाकडे बघ म्हणाली, तू बघितलंस. आईला आणखी काय हवं असतं?

बाप्तिस्मा पुढे ढकलला असेल. आता माझा हट्ट मी मागे घेते. मास्तरीणबाईंना हवं ते नाव ठेवा. आईनेच दार उघडून दिलंय, आता भीती कसली? ती साखळी काढून टाक आणि पोराला दिवसभर नावाने हाका मार, थोरल्याला मारायची तशा. तुझ्या वाटच्याही मार.

प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा झालाय, पण मशीन चालतं. भाच्यासाठी कोट शिवायला घेतलाय. आईने शिवलेल्या कोटाच्या मापाने नाही, घाबरू नकोस, नवीन बेतलाय. बटणं पितळीच लावणार.

तुझी ताई

२० एप्रिल

ताई,

झाला एकदाचा बाप्तिस्मा. पाळकांनी विचारलं, 'नाव काय?' मास्तरणीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की मागच्या बाकावरची म्हातारी दचकून जागी झाली. बाळाने पाळकांच्या झग्यावर दूध ओकून आपली संमती कळवली.

आईचा दगड तयार आहे. तिच्या नावाखाली काय कोरू म्हणून खूप विचार केला. शेवटी एवढंच कोरलं: 'ती म्हणाली, मी येते.' लोक समजायचं ते समजतील.

साखळी उपटून काढली. दारावर तिच्या खिळ्यांची भोकं राहिलीत, ती बुजवायची आहेत. मास्तरीण आता मलाही नावाने हाक मारते. बाळ आणि मी, दोघंही एकदमच तिच्याकडे बघतो. फार मजा वाटते, ताई, खोटं कशाला बोलू? या वयात गाल लाल होतात माझे.

कोट घरच्या पत्त्यावर पाठव. आणि पाकिटावर नाव लिही, ठसठशीत. आता कुणी परत पाठवणार नाही.

तुझा,
शमुवेल

८ मे

शमुवेल बाळा,

कोट परत आला. बाळाच्या नावाने पाठवला होता, सगळं नाव लिहून. त्यावर तोच शेरा: 'या नावाचे येथे कोणी नाही.'

आई गेली. मास्तरीणबाई असं म्हणणार नाहीत. मग दारातून बोललं कोण?

ताई

१५ मे

ताई,

मी.

मास्तरीण शाळेतून यायची होती. दिवेलागण झाली होती. मी पाळण्याशी बसून बाळाला खुळखुळा दाखवत होतो. बाहेरून हाक आली, 'शमुवेल.' मला वाटलं, मास्तरीण आली. 'दार लोटलेलंच आहे,' म्हटलं. कुणी आलं नाही. पुन्हा हाक आली. खिडकीतून पाहिलं, रस्ता रिकामा. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी बाळाकडे पाहिलं. त्याने मान दाराकडे वळवली होती आणि तो हसत होता. तू थोरल्याचं लिहिलं होतंस ना, अगदी तसा.

जन्मभर मला वाटत होतं, त्या नावाने कुणीतरी मला बोलवावं. बोलावलं. मी म्हणू शकलो असतो, मी आहे. तोही शमुवेल, मीही शमुवेल, कुणाला हवं होतं कुणास ठाऊक! पण मी बाळाला उचललं, त्याचे कान दाबून धरले, दाराला पाठ लावली, साखळी तर मीच उपटली होती, आणि ओरडलो. आईचं वाक्य. माझ्या तोंडून आवाजही तिचाच आला.

तुझं पत्र आल्यावर पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, 'अहो, मीच होतो. त्या दिवशी सामान जास्त होतं, यायला उशीर झाला. बोळातूनच पार्सलवरचं नाव वाचून हाक मारली, तुम्ही आतून नाही म्हणालात, मग मी गेलो.' मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यातच हसायला लागलो. म्हटलं, 'मग तीन-तीनदा कशाला ओरडत होतास?'

तो म्हणाला, 'मी एकदाच मारली हाक.'

साखळी पुन्हा बसवलीय, त्याच भोकांत. मास्तरणीला सांगितलं, बोळात कुत्री फार झालीत. घरात आम्ही त्याला आता छोट्या म्हणतो. ती विचारते, का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

कोट कारखान्यावर पाठव. आणि ताई, पाकिटावर नाव लिहू नकोस.

तुझा धाकटा